हनुनुओ लिपीत अक्षराच्या शेवटचं व्यंजन लिहीतच नाहीत, मग वाचतात कसं?

अक्षरवेध:
फिलिपीन्समधल्या मिंडोरो बेटाच्या दक्षिण भागात हनुनुओ मांग्यान लोक राहतात. त्यांची लिपी ब्राह्मीच्या कुळातली, म्हणून आवडीने शिकते आहे. अक्षरं भराभर बसली. अ, इ, उ हे तीन स्वर आणि पंधरा व्यंजनं. व्यंजनात 'अ' मिसळलेलाच असतो, इकार-उकारासाठी छोटीशी रेघ. महाप्राण नाहीत, जोडाक्षरं नाहीत.

अडलं ते वाचताना. 'अंबाहान' हा त्यांच्या काव्यप्रकाराचा शब्द 'अ-ब-ह' एवढाच लिहितात. 'मांग्यान'चं होतं 'म-य'. माझ्यापुढे एकाच अंबाहानच्या दोन प्रती आहेत. एकीत जागोजागी 'पामुदपोद' ही हलन्तासारखी खूण आहे, दुसरीत एकदाही नाही. खरी कोणती मानू?

टाकबोरू:
पामुदपोदवाली घ्या. लिपी उच्चार टिपण्यासाठी असते. इतकी व्यंजनं गाळणारी लिपी अर्धवटच म्हणायची. हलन्त आला तेव्हा ती पूर्ण झाली.

बांबूपत्र:
टाकबोरू, 'अर्धवट' मला मुळीच पटत नाही. या लिपीवर माझा जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पामुदपोद मूळचा नाही. मानसालाय तालुक्यातल्या पानायतायान इथे अनेक वर्षं राहिलेले डच मिशनरी आंतून पोस्तमा यांनी तो विसाव्या शतकात रूढ केला. पोस्तमांचं काम मोठं आहे, शेकडो अंबाहान त्यांच्यामुळे जगापुढे आले. पण त्यांच्या आधी कितीतरी पिढ्या हे लोक त्या खुणेवाचून लिहीत-वाचत होते.

आता वाचतात कसं ते. हनुनुओ भाषेत एका उच्चारखंडात एकच स्वर असतो आणि लिपीत त्या खंडाला एकच अक्षर मिळतं. शेवटचं व्यंजन गाळलं की जितके खंड तितकीच अक्षरं राहतात. अंबाहानची ओळ साधारण सात खंडांची, म्हणजे बांबूवर कोरलेली सात अक्षरं. शब्दांत जागा सोडलेली नसली तरी सात मोजले की ओळ सापडते. शिवाय ओळींच्या शेवटी यमक असतं आणि पुष्कळदा कवितेला एकच यमक असतं. पहिल्या ओळीचा शेवट 'आन' आहे हे कळलं की पुढच्या ओळींतला न लिहिलेला न् आपोआप जिभेवर येतो. जे कागदावर नाही ते छंद सांगतो! मला या लिपीतली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

ओळीच्या मध्ये मात्र यमकाची मदत नसते. तिथे वाचणारा मोठ्याने म्हणून बघतो, अर्थ लागेपर्यंत व्यंजनं घालून पाहतो. ज्याला भाषा येते आणि ज्याच्या कानावर शेकडो अंबाहान पडले आहेत, त्याला हे जड जात नाही. आपणही 'घर' लिहितो आणि शेवटचा अ गाळून वाचतो, तिथे हलन्ताची आठवणही होत नाही.

आणि ही लिपी टिकली ती कशासाठी? अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ हॅरल्ड कॉन्क्लिन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे राहून नोंदवलंय की तरुण मुलंमुली ती एकमेकांकडून शिकतात, प्रामुख्याने प्रेमगीतं लिहून घ्यायला आणि पाठवायला. हिशेब किंवा करारमदार हा तिचा संसार नव्हे. वाचणाऱ्याला गीताची चाल आणि भाषा आधीच ठाऊक असते.

स्वर काढून टाकणारी खूण आणण्याचा प्रयत्न फिलिपीन्समध्ये फार आधीही झाला होता. १६२०च्या सुमारास फ्रान्सिस्को लोपेस या स्पॅनिश धर्मगुरूंनी त्यासाठी क्रूसाची खूण सुचवली. तिथली तागालोग भाषा लिहिणाऱ्यांनी ती स्वीकारली नाही.

तेव्हा अक्षरवेध, खुणा नसलेली प्रत जुन्या रीतीची, खुणा असलेली नव्या रीतीची. दोन्ही ठेवा, फक्त प्रत्येकीवर रीत कोणती ते लिहा. व्यक्तिनावं किंवा बाहेरून आलेले शब्द असतील तर पामुदपोद खरंच उपयोगी, कारण तिथे छंदाचा आधार नसतो. मात्र जुन्या बांबूची नक्कल करताना त्या खुणा स्वतःहून घालू नका, एवढी कळकळीची विनंती.

टाकबोरू:
यमकाचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. 'अर्धवट' मागे घेतो. पण परक्या वाचकासाठी पामुदपोद हवाच, यावर ठाम आहे.

अक्षरवेध:
आत्ताच अक्षरं मोजली. दुसरी प्रत सात-सातांत नीट तुटते, एकाच ओळीत आठ आहेत. आता दोन प्रश्न. संगणकावर टंकता येईल का? आणि दिशा कोणती? एका छायाचित्रात अक्षरं आडवी पडलेली दिसतात.

बांबूपत्र:
आठ असू शकतात, सातचा नियम अगदी कडक नाही.

युनिकोडमध्ये २००२पासून हनुनुओचा स्वतंत्र विभाग आहे, पामुदपोदलाही वेगळा क्रमांक आहे. फॉन्ट मात्र त्या विभागाचाच हवा. शेजारच्या बुहिद लिपीची अक्षरं बरीचशी सारखी वाटतात, पण तिचा विभाग निराळा. विराम दाखवायला आपल्या दंडासारखी एक किंवा दोन उभ्या रेघांची चिन्हं आहेत, ती फिलिपीन्सच्या या लिपींत सामायिक आहेत.

दिशेचं असं, की बांबू हातात धरून चाकूच्या टोकाने अंगापासून दूर कोरत जातात. म्हणून स्तंभ खालून वर चढतो आणि पुढचा स्तंभ उजवीकडे येतो. डावखुरे उलट, आरशातल्यासारखंही कोरतात. वाचताना बांबू आडवा धरला तरी चालतं. पडद्यावर डावीकडून उजवीकडे टंका. छायाचित्रातली अक्षरं पडलेली वाटली तर चित्र पाव वळण फिरवून बघा, आणि तरीही उलटी दिसली तर कोरणारा डावखुरा होता का, ते आधी तपासा.