मदत हवी आहे: इटलीतल्या कामोली गावात गाडी कुठे लावावी?

रेवा_पुणे

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आम्ही पाच जण इटलीला निघालोय: आई-बाबा, आम्ही दोघं आणि नऊ वर्षांचा मुलगा. मिलानच्या मालपेन्सा विमानतळावर उतरून तिथूनच भाड्याची गाडी घ्यायची, आधी तीन रात्री लिगुरियाच्या किनाऱ्यावर कामोलीला राहायचं आणि मग आठवडाभर टस्कनीत एका शेतावरच्या घरात, असा बेत आहे. टस्कनीतलं घर कुठल्याच स्टेशनजवळ नाही, त्यामुळे गाडी लागणारच.

कामोली निवडलं ते आई-बाबांसाठी. पोर्टोफिनोला गर्दी फार आणि दर आवाक्याबाहेरचे. आईला सान फ्रुत्तुओझोचा मठ बघायचा आहे. तिथे गाडीरस्ता जात नाही, होडीने नाहीतर डोंगरातल्या पायवाटेनेच जायचं, हे ऐकल्यापासून तिने तेच मनात धरलंय. बाबांना बंदरावर बसून कोळ्यांच्या होड्या बघायला मिळाल्या की त्यांना दुसरं काही नको.

घोडं अडलंय गाडीपाशी. घराच्या मालकीणबाईंनी कळवलं, "आमच्याकडे पार्किंग नाही, गावात मिळालं तर बघा." नकाशावर बघते तर एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे चिंचोळ्या पट्टीत सगळं गाव. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर ते छान चालतात, पण जास्त पायऱ्या झेपत नाहीत.

गावात रात्रभर गाडी ठेवता येते का? निळ्या-पांढऱ्या रेघा काय असतात? कॅमेरे लावलेल्या भागात शिरलं तर दंड बसतो म्हणतात, तो भाग ओळखायचा कसा? सामानासाठी म्हणून आम्ही सात आसनी गाडी बुक केली आहे. तारखा ८ ते ११ मे, शुक्रवार ते सोमवार. कुणी तिथे राहून आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. बाबांची फार काळजी वाटते.

मृण्मयी_तोरिनो

रेवा, मी तोरिनोला राहते. इथली आणि मिलानची माणसं उन्हाळ्यात शनिवार-रविवार लिगुरियाच्या किनाऱ्यावरच असतात, आम्हीही त्यांतलेच. तेव्हा आधी थेट उत्तर देते: गाडी कामोलीत ठेवायच्या फंदात पडू नका. ती रेक्कोत ठेवा.

रेक्को म्हणजे अगदी शेजारचं गाव. ए-१२ महामार्गावरून कामोलीला जायचं तर उतरायचं रेक्कोलाच, आणि रेल्वेनेही रेक्कोनंतर लगेच कामोली, पाचेक मिनिटांचा प्रवास. कामोलीत जागा नाही आणि रेक्कोत आहे, याला कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३-४४ साली, रेक्कोच्या रेल्वेपुलावर नेम धरून इतके बॉम्ब टाकले गेले की गाव जवळजवळ सगळं जमीनदोस्त झालं. आज दिसतं ते नंतर बांधलेलं, म्हणून रस्ते जरा रुंद आणि गाड्या लावायला जागा. कामोली मात्र जुनंच राहिलं. सहा-सहा मजली उंच, अरुंद घरं एकमेकांना खेटून उभी, कित्येक खिडक्या तर भिंतीवर नुसत्या रंगवलेल्या. समुद्राकडेचा रस्ता चालणाऱ्यांसाठीच राखलेला. अशा गावात पाहुण्यांच्या गाड्या मावणार कुठे? ज्या थोड्या जागा आहेत त्यांतल्या बऱ्याच रहिवाशांच्या.

आता रेघा. निळी रेघ म्हणजे पैसे भरून. पांढरी म्हणजे फुकट, पण शेजारची पाटी वाचल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका, कारण पुष्कळदा तासाभराचीच मुभा असते. तिथे काचेमागे घड्याळासारखी पुठ्ठ्याची तबकडी ठेवावी लागते आणि तिच्यावर आल्याची वेळ लावायची असते. गाडीच्या खणात नसेल तर 'टी' अक्षराची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानात मिळते. पिवळी रेघ म्हणजे राखीव: रहिवासी, अपंग, माल उतरवणारे. तिथे पाच मिनिटांसाठीसुद्धा नको.

खरी गोम पाटीत असते. निळ्या चौकोनात पांढरा 'पी', त्याखाली एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे आणि पुढे '८-२०' असं दिसलं तर अर्थ असा की कामाच्या दिवशी सकाळी ८ ते रात्री ८ पैसे पडतात. शनिवार कामाचाच दिवस धरतात, हे आपल्या लक्षात येत नाही. हातोड्यांच्या जागी क्रूस असेल तर ती वेळ रविवारची आणि सणावारांची. दोन्ही असतील तर रोज. त्याच्याखाली अजून एक छोटी पाटी असते आणि घात तीच करते: गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकचं चित्र, किंवा रस्ता धुणाऱ्या गाडीचं चित्र आणि शेजारी वार नि रात्रीची वेळ. त्या रात्री त्या बाजूला गाडी दिसली की उचललीच. गाडी लावून झाली की खांबाजवळ जाऊन सगळ्या पाट्या वरपासून खालपर्यंत वाचा, फोनवर भाषांतर करून घ्या, मगच निघा.

पैसे भरायचं मशीन कोपऱ्यावर असतं. नवीन मशीन आधी गाडीचा नंबर विचारतं, मग नाणी किंवा कार्ड घेतं. पावती निघाली तर ती काचेमागे दिसेल अशी ठेवायची. ईझीपार्क किंवा मायचिचेरो हे ॲप चालत असेल तर सोन्याहून पिवळं, होडीत बसल्या बसल्या वेळ वाढवता येते.

अण्णा_सांगलीकर

रेवाताई, दंडाविषयी थोडं लिहितो, कारण आमच्या पुतण्याच्या घरी दोन पत्रं आली होती.

तिकडच्या जुन्या गावठाणांत झेड-टी-एल म्हणून भाग असतो, म्हणजे परवानगी नसलेल्या गाड्यांना ठरावीक वेळी बंदी. पांढऱ्या गोल पाटीला लाल कडा, शेजारी वेळा लिहिलेल्या आणि वर कॅमेरा. काही ठिकाणी विजेवर चालणारा फलक असतो: 'वार्को आत्तिवो' लिहून आलं तर आत्ता बंदी चालू आहे, 'नॉन आत्तिवो' आलं तर जाता येतं. कुणी हात दाखवून थांबवत नाही, अडसर नसतो, म्हणून माणूस सरळ आत जातो. फोनवरचा नकाशाही खुशाल आत नेतो.

पहिलं पत्र, खरं तर कार्डावरून कापलेले पैसे, गाडी भाड्याने देणाऱ्यांचं. तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवण्याचा खर्च. तो दंड नव्हे! लोक समजतात भागलं. खरा दंड नंतर टपालाने घरी येतो, ऐंशी-नव्वद युरोच्या घरात आणि वर टपालखर्च. परदेशी राहणाऱ्याला नोटीस पाठवायला त्यांना ३६० दिवसांची मुदत आहे, त्यामुळे सहल विसरल्यावरही येऊ शकते. नोटीस हातात पडल्यापासून ५ दिवसांत भरलं तर ३० टक्के सूट मिळते. आणि एका गल्लीत दोनदा शिरलात तर दोन दंड.

राहण्याची जागा अशा भागात असेल तर मालकांना गाडीचा नंबर आधी कळवायचा, ते परवानगीच्या यादीत घालतात. भाड्याच्या गाडीचा नंबर चावी मिळेपर्यंत कळत नाही, म्हणून विमानतळावरच नंबरप्लेटचा फोटो काढून पाठवा आणि "घातला" असं उत्तर येईपर्यंत गावात शिरू नका.

आंतरराष्ट्रीय लायसन काढलंय ना? पुण्यात आरटीओकडे वेळेत अर्ज करा. नुसत्या आपल्या लायसनवर तिकडे भागत नाही.

रेवा_पुणे

मृण्मयी, अण्णा, मनापासून आभार. रेक्कोचं एकदम पटलं. पण पाच जणांच्या बॅगा आणि बाबा, यांना ट्रेनने कसं न्यायचं? आणि सात आसनी गाडीबद्दल काय वाटतं?

गलबत

मर्चंट नेव्हीत आहे. जिनोआ बंदरात जहाज लागलं की सुट्टीच्या दिवशी आमच्यातले बरेच जण ट्रेन पकडून कामोलीला जातात. दर्यावर्दी माणसाला हे गाव जवळचं वाटतं. शिडाच्या जहाजांच्या काळात या एवढ्याशा गावातल्या मालकांची शेकडो जहाजं जगभर फिरत होती. तुमच्या बाबांची आवड अगदी बरोबर आहे, त्यांना जुन्या धक्क्यावर जरूर बसवा.

रेवाताई, तुमच्या तारखा वाचून मात्र लिहायलाच हवं वाटलं. मे महिन्याचा दुसरा रविवार म्हणजे कामोलीची मासळीची जत्रा. मच्छीमारांचा संत फोर्तुनातो याचा सण. शनिवारी रात्री किनाऱ्यावर मोठाल्या होळ्या पेटतात आणि रविवारी बंदरावर सुमारे चार मीटर व्यासाच्या कढईत मासे तळून वाटतात. १९५२ पासूनची प्रथा आहे. तुमचा १० मे नेमका तोच रविवार. जत्रा बघण्यासारखी आहे, पण त्या दोन दिवसांत कामोलीतच काय, रेक्कोतसुद्धा गाडीला जागा मिळणं मुश्कील आणि ट्रेनमध्ये पाय ठेवायला जागा नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला त्या गर्दीत मी तरी नेणार नाही.

दोन मार्ग दिसतात. जत्रा हवीच असेल तर गुरुवारी पोहोचा, गाडी लावा आणि सोमवारपर्यंत तिला हात लावू नका. नाहीतर आधी टस्कनी करा आणि कामोली शेवटी, आठवड्याच्या मधल्या वारांना ठेवा.

होडीचंही सांगतो. सान फ्रुत्तुओझोची फेरी कामोलीच्या बंदरातूनच सुटते, अर्ध्या तासाची आहे. पण समुद्र खवळला तर फेऱ्या बंद. म्हणून पहिल्याच चांगल्या दिवशी सकाळी जाऊन या, शेवटच्या दिवसावर ठेवू नका. चढता-उतरताना फळीवरून जावं लागतं. बाबांना दोन्ही बाजूंनी आधार द्या, खलाशी हात देतातच.

मृण्मयी_तोरिनो

गलबतदादा, जत्रेचं माझ्या ध्यानातच आलं नाही, बरं झालं लिहिलंत. रेवा, शक्य असेल तर तारखा बदलच. त्या रविवारी इथे मातृदिनही असतो, म्हणजे सगळं उत्तर इटली जेवायला बाहेर.

सामानाचं असं करा. आधी गाडी कामोलीत न्यायची, मालकीणबाई सांगतील तिथे आई-बाबा, मुलगा आणि बॅगा उतरवायच्या. "दारापासून सर्वांत जवळ गाडी कुठवर येते आणि तिथून किती पायऱ्या?" असं त्यांना नेमकं विचार. "जवळच आहे" या उत्तरावर थांबू नकोस. लिगुरियात जवळ म्हणजे चाळीस पायऱ्याही असू शकतात. पायऱ्या फार निघाल्या तर आत्ताच दुसरी जागा शोध. मग तुझे यजमान एकटे गाडी घेऊन रेक्कोला जातील, लावतील आणि ट्रेनने परत येतील. कामोली स्टेशन गावाच्या वरच्या अंगाला आहे, तिथून खाली उतरावं लागतं, पण ते एकट्याला जड नाही. कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या मशीनमध्ये छाप मारून घ्यायला सांग, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

सात आसनी गाडी बदला असंच म्हणेन. इकडची भूमिगत गॅरेजं बुटकी, उतार वळणाचे, खांब जवळजवळ. पाच आसनी स्टेशन वॅगन घ्या, डिकी लांब असते. प्रत्येकाची एकच मध्यम बॅग ठेवलीत तर आरामात मावेल.

महामार्गावर शिरताना तिकीट घ्यायचं आणि उतरताना पैसे भरायचे. पिवळ्या फलकाची टेलेपासची (आपल्या फास्टॅगसारखी) रांग टाळा, रोख किंवा कार्डाच्या रांगेत उभे राहा. जिनोआनंतर बोगदा-पूल-बोगदा असा रस्ता आहे, गाडी चालवणाऱ्याने दृश्य बघायचा मोह आवरावा.

रेवा_पुणे

काल रात्री सगळ्यांनी बसून ठरवलं: आधी टस्कनी, मग कामोली, मंगळवार ते शुक्रवार. टस्कनीच्या घरवाल्यांनी तारखा बदलून दिल्या. कामोलीच्या मालकीणबाईही तयार झाल्या आणि त्यांनी मोकळेपणाने सांगितलं की त्यांच्या दारापर्यंत बावन्न पायऱ्या आहेत! त्यांनीच त्यांच्या बहिणीचं घर सुचवलं, रस्त्याच्या पातळीवर, लिफ्ट असलेलं. बाबांना हे सांगितलं तर त्यांनी लगेच दुर्बीण बाहेर काढली. गाडीही बदलली.

एकच शेवटचं विचारते. रेक्कोत तीन रात्री गाडी निळ्या रेघेत ठेवायची की गॅरेजमध्ये?

मृण्मयी_तोरिनो

तीन रात्रींसाठी गॅरेजच. निळ्या रेघेत रात्री पैसे पडत नसले तरी सकाळी ८ ला मीटर सुरू होतं, आणि रस्ता धुण्याची रात्र मधे आली तर पंचाईत. मालकीणबाईंनाच रेक्कोतल्या गॅरेजचा फोन नंबर विचार आणि त्यांच्याकडूनच जागा राखून घे, इटालियनमध्ये बोललं की काम पटकन होतं. गॅरेज रात्री किती वाजता बंद होतं तेही विचारून घे, टस्कनीहून निघायला उशीर होतोच. गाडीत एकही पिशवी दिसेल अशी ठेवू नका.

आणि रेक्कोत गाडी लावून झाल्यावर यजमानांना तिथला चीज भरलेला फोकाचा (भट्टीत भाजलेला चपटा पाव) बांधून आणायला सांग. पातळ पापुद्र्यांच्या मधे मऊ चीज, बाकी काही नाही. गरमच खायचा असतो, म्हणून पुढची ट्रेन बघूनच घ्यायला सांग.