मदत हवी आहे: नेपाळमध्ये अंध मुलांना इंग्रजी शिकवायला जायचंय

नमस्कार मंडळी,

मी लातूर जिल्ह्यात एका खाजगी शाळेत इंग्रजी शिकवते. चार वर्षांपासून दर रविवारी जवळच्या अंध मुलांच्या वसतिगृहात जाते. आधी परीक्षेत लेखनिक म्हणून बसायचे, मग मुलांनीच "मॅडम, आमचं इंग्रजी घ्या ना" म्हणून धरलं.

येत्या उन्हाळी सुट्टीत नेपाळला दीड महिना जाऊन विनामोबदला हेच काम करायचं मनात आहे. नेपाळच का, तर तिथलं शालेय वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. आपल्याला सुट्टी असते तेव्हा तिकडे वर्ग भरलेले असतात. शिवाय नेपाळी ब्रेल आपल्या भारती ब्रेलच्याच (भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलच्या) वळणाचं आहे, त्यामुळे मुलं कुठे अडखळतील याचा थोडा अंदाज येईल.

म्हणजे काय ते सांगते. सहावीतल्या एका मुलाने 'कॅट' हा शब्द बोटांनी वाचला आणि विचारलं, "मॅडम, चअत म्हणजे काय ओ?" त्याचं काही चुकलं नव्हतं. ब्रेलमध्ये अक्षर म्हणजे क्रमांक दिलेल्या सहा जागांपैकी काहींवर उठवलेले ठिपके. इंग्रजी सी आणि मराठी च, दोन्हींना ठिपके तेच, १ आणि ४. टी आणि त यांचंही तसंच. तेव्हापासून इंग्रजीच्या कागदाचा वरचा कोपरा मी कापून ठेवते. हात लागला की पोरांना भाषा कळते. संक्षेपांचं, म्हणजे इंग्रजी ब्रेलमध्ये अख्ख्या शब्दासाठी किंवा अक्षरगटासाठी असलेल्या छोट्या खुणांचं, मात्र अवघड जातं. 'विथ' या अख्ख्या शब्दाची खूण म्हणजे मराठीतला ट! संक्षेप कितव्या इयत्तेपासून घ्यावेत, हे अनुभवी शिक्षकांनी सांगावं.

भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, हे माहीत आहे. पण शाळेत विनावेतन शिकवायलाही वेगळी परवानगी काढावी लागते का? एका मध्यस्थ संस्थेने नोंदणीचे म्हणून बरेच पैसे मागितले. त्यातले शाळेला किती जातात, असं विचारलं तर उत्तरच आलं नाही. म्हणून थेट शाळेशी बोलायचं आहे. कुणी असं गेलं असेल तर सुरुवात कशी केली ते लिहा.

खरी काळजी वेगळीच आहे. मागे आजारपणामुळे मी दोन महिने वसतिगृहात गेले नव्हते. परत गेले तेव्हा चौथीतली एक मुलगी माझ्या बांगड्या चाचपत राहिली आणि म्हणाली, "आता नाही ना जाणार?" तिकडे तर मी दीड महिन्यात निघूनच येणार. म्हणून वाटतं, मुलांचा वर्ग स्वतः हाती न घेता तिथल्या शिक्षकांच्या जोडीला बसावं, धडे रेकॉर्ड करून ठेवावेत, मोठ्या मुलांना एनव्हीडीए, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, शिकवावं. ते फुकट आहे आणि मी परत आल्यावरही त्यांच्याजवळ राहील.

अंध शाळेत शिकवणाऱ्यांनी, आणि स्वतः अशा शाळेत शिकलेल्यांनी तर नक्कीच सांगा: थोड्या दिवसांसाठी आलेल्या बाईंचा तुम्हाला उपयोग झाला होता का?