कडवट, कटू की एकाकी? एका कवितेचा सूर

माझी भाची नोकरीसाठी मुंबईत आली, दादरला खोली घेऊन राहते. तिची ही कविता तिला विचारून देतोय:

दादरच्या पुलावर म्हणे तू दिसलास.
बरं झालं.
मी सात अडतीसची पकडते,
एकाच कपाचा चहा टाकते.
प्रेमबिम असतं म्हणे लोकांना.

‘एकटी’ हा शब्द नाही, ‘दुःख’ नाही, तरी वाचताना घसा दाटून आला. तिच्या मैत्रिणी म्हणतात सूर कडवट आहे. मला कटू म्हणावंसं वाटतं. की नुसता एकाकी? शेवटची ओळ तिला काढायची आहे.

*

दादा, कटू नको. कटुता दोघांत येते. भावाभावांत कटुता आली म्हणतो, तेव्हा दोन्ही भाऊ समोर असतात. कडवटपणा एकट्या माणसाच्या जिभेवर राहतो. कारलं कडू असतं, पण काढा पिऊन झाल्यावर तोंड कडवट होतं. इथे तो मागे उरलेला कडवटपणा आहे.

आणि मुंबईत कडवट शब्दाला आणखी एक अर्थ आहे. ‘कडवट शिवसैनिक’ म्हणतात तेव्हा कडवट म्हणजे कट्टर, निष्ठा न सोडणारा. मला ही मुलगी दोन्ही अर्थांनी कडवट वाटते. प्रेमावर चिडली आहे आणि तो पुलावर दिसल्याची बातमी मात्र जपून ठेवली आहे.

खरी किमया ‘म्हणे’ची. पहिल्या ओळीतलं ‘म्हणे’ साधं, ऐकीव माहितीचं. पण त्याची खबर आता तिला दुसऱ्यांकडून कळते, हाच तिचा एकटेपणा. शेवटच्या ओळीत तोच शब्द अविश्वासाचा होतो: असतं म्हणे, मला काही दिसलं नाही. त्यात ‘प्रेमबिम’. चहाबिहा, लग्नबिग्न म्हणताना आपण मूळ शब्दाची किंमत उतरवतो, तशी तिने प्रेमाची उतरवली.

‘एकाच’मधल्या ‘च’कडेही बघा. ‘एका कपाचा’ म्हटलं असतं तर नुसतं मोजमाप झालं असतं.

एकटी आणि एकाकी यांत मी फरक करते. एकटी ही परिस्थिती: लोकलच्या डब्यात चेंगरूनही माणूस एकाकी असतो, एकटा नसतो. एकांत तर हवासा असतो, तुकोबांनाही त्याचा वास रुचला. ही मुलगी एकाकी आहे, पण ते ती स्वतः म्हणत नाही, म्हणून कविता रडकी होत नाही.

*

‘बरं झालं’बद्दल थोडं. मी मोठ्याने वाचून पाहिलं. ‘बरं झालं हो’ असं लांबवलं की टोमणा होतो. दोनच शब्द, सपाट आवाजात, आणि पूर्णविराम. तिथे मला कडवटपणा दिसला नाही, दार लावून घेतलेलं दिसलं.

शेवटची ओळ काढू देऊ नका. ‘लोकांना’ म्हणताना तिने स्वतःला लोकांतून वगळलंय.