अनुभव हवेत: कोविडचे नियम रोज बदलत असताना परदेशची ट्रिप कशी आखलीत?

वसंत विहार, ठाणे

दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, आठवीतली मुलगी आणि सासूबाई. आता जुलै 2022 निम्मा सरला. थायलंडने 1 तारखेपासून थायलंड पास (जाण्याआधी ऑनलाइन घ्यायची परवानगी) बंद केला, अमेरिकेने 12 जूनपासून विमानात बसण्याआधीची टेस्ट काढून टाकली, सगळं मोकळं होतंय असं वाटतं. पण गेल्या नोव्हेंबरातही असंच वाटत होतं ना, 15 डिसेंबरपासून आपल्याकडची नियमित आंतरराष्ट्रीय विमानं सुरू होणार असं जाहीर झालं आणि आठवड्याच्या आत ओमिक्रॉनमुळे ते मागे घेतलं, शेवटी त्याला 27 मार्च 2022 उजाडला. म्हणून जे या दोन वर्षांत जाऊन आलेत किंवा ज्यांनी सगळं आखून रद्द केलं त्यांनी सविस्तर लिहा. विनंती एवढीच की नियम लिहिताना महिना आणि वर्ष लिहाच. मला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली निम्मी माहिती खरी होती, फक्त भलत्याच महिन्यातली. आणि परतीचंही लिहा, जायचं सगळे सांगतात, यायचं कुणी सांगत नाही.

नेरूळ

दुबई, डिसेंबर 2021, एक्स्पो बघायला गेलो होतो. तेव्हा 48 तासांच्या आतली पीसीआर लागायची, रिपोर्टवर क्यूआर कोड हवाच, आणि वर मुंबई विमानतळावर फ्लाइटच्या आधीच्या सहा तासांत रॅपिड पीसीआर. बारा वर्षांखालच्या मुलांना टेस्ट नव्हती. पहाटेचं विमान म्हणून रात्रीच टर्मिनल 2 ला जाऊन बसलो, नाकात काडी घालून घेतली आणि रिपोर्टची वाट बघत बसलो, तर समोरच्या कुटुंबातल्या आजोबांचा पॉझिटिव्ह आला आणि बाकी सगळ्यांचे निगेटिव्ह. ट्रॉलीवरून बॅगा खाली उतरवून ते लोक कुणाचं सामान कुठल्या बॅगेत ते वेगळं करत होते, सून म्हणत होती मी बाबांबरोबर थांबते, तुम्ही मुलांना घेऊन जा, आणि आजोबा काहीच बोलत नव्हते, खिशातला बोर्डिंगचा कागद परत परत काढून बघत होते. दोन दिवसांपूर्वीचा त्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह होता. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, घरातलं एक माणूस ऐन वेळी अडकलं तर कोण थांबणार आणि कोण जाणार हे निघायच्या आधीच घरात बोलून घ्या, विमानतळावर ते सुचत नाही.

आता परतीचं. आम्ही तिकडे असतानाच, डिसेंबर संपता संपता, मुंबई महापालिकेने दुबईहून येणाऱ्यांना सात दिवस घरी विलगीकरण आणि सातव्या दिवशी टेस्ट लावली. जे मुंबईबाहेर राहतात त्यांनी सार्वजनिक वाहनाने जायचं नाही, त्यांच्या जिल्ह्याच्या प्रशासनाने गाडीची सोय करायची असा नियम. आम्ही नेरूळचे, म्हणजे ठाणे जिल्हा, त्यामुळे उतरल्यावर बराच वेळ यादीत नाव शोधण्यातच गेला. काम करणारी पोरं बिचारी धड बोलत होती, त्यांनाही आदेश नुकताच आलेला. पुढे 11 जानेवारी 2022 पासून केंद्रानेच सगळ्या देशांतून येणाऱ्यांना सात दिवस घरी बसवलं, ते 14 फेब्रुवारीला निघालं. नवऱ्याने परतीनंतरचा आख्खा आठवडा आधीच मोकळा ठेवला होता, तो कामी आला.

ऐरोली

मालदीव, फेब्रुवारी 2021. निघण्याआधी 96 तासांतली पीसीआर, त्यांचा इमुगा हा ऑनलाइन प्रवासी फॉर्म आणि येताना 72 तासांतली टेस्ट, जी रिसॉर्टवरच करून मिळाली. छान झालं. पण शेजाऱ्यांनी आमचे फोटो बघून मे महिन्याचं बुकिंग केलं आणि 13 मे 2021 पासून मालदीवने आपल्या भागातल्या पर्यटकांना बंदीच केली. 15 जुलैला परत उघडलं, पण तोवर त्यांच्या मुलांची शाळा ऑनलाइन का होईना सुरू झाली होती.

घोडबंदर रोड

आमचं यूके. भाऊ तिकडे असतो, आईबाबांना घेऊन जायचं होतं. 23 एप्रिल 2021 ला भारत त्यांच्या रेड लिस्टमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक निर्बंधांच्या यादीत गेला, 8 ऑगस्टला त्याहून सौम्य अंबर यादीत आला, लगेच आम्ही तिकिटं बघायला घेतली. तर सप्टेंबरात नवीनच निघालं, कोविशील्ड मान्य पण आपलं सर्टिफिकेट मान्य नाही, म्हणजे दोन डोस घेऊनही दहा दिवस क्वारंटाइन. मग 4 ऑक्टोबरपासून आपल्या सरकारने तिकडून येणाऱ्या ब्रिटिश नागरिकांना दहा दिवस लावले, आणि 11 ऑक्टोबरपासून यूकेने कोविशील्डवाल्यांना सोडलं. आम्ही तोवर पैसे भरले नाहीत, फक्त रोज दर बघत राहिलो, तिकीट थोडं महाग पडलं पण झोप लागली.

कागदपत्रांचं मात्र सगळ्यांनी नीट वाचा. कोविन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलच्या साध्या सर्टिफिकेटवर पूर्ण जन्मतारीख नव्हती, सप्टेंबर 2021 अखेर परदेशासाठीचं वेगळं निघालं, त्यावर पूर्ण तारीख आणि पासपोर्ट नंबर येतो. आईने लस आधार दाखवून घेतली, आधारवर नाव आणि आडनाव एवढंच, पासपोर्टवर मध्ये बाबांचं नाव. कोविनवर तक्रारीच्या पर्यायातून दुरुस्ती होते, पण ती एकदाच करता येते, त्यामुळे पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा आणि मगच सबमिट दाबा. बाबांनी ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं, स्पेलिंगसकट.

कळवा

मी फक्त पैशांचं लिहितो. मे 2020 ची युरोप टूर होती, पूर्ण पैसे भरलेले. 23 मार्च 2020 पासून विमानंच बंद. टूर कंपनीने पैसे न देता क्रेडिट नोट दिली, तीही मुदतीची, आणि फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. 1 ऑक्टोबर 2020 ला सुप्रीम कोर्टाने लॉकडाउनमधल्या रद्द विमानांबद्दल निकाल दिला, तिकिटाचे पैसे परत करायचे किंवा 31 मार्च 2021 पर्यंत क्रेडिट शेल, म्हणजे पुढच्या तिकिटाला वापरता येणारी जमा रक्कम, द्यायचा. त्या निकालाची प्रत जोडून मी लेखी मागणी केली, तेव्हा विमानाचा भाग मिळाला. हॉटेल आणि बसचा नाही मिळाला, अजूनही राग येतो. बायकोने त्या पैशांसाठी दोन वर्षं भिशी लावली होती. त्यामुळे सगळ्यांना कळकळीने सांगतो, पावतीवर विमान, हॉटेल, व्हिसा वेगवेगळे लिहून घ्या, एकरकमी पॅकेज लिहिलेली पावती घेऊ नका. आणि ऑक्टोबर 2020 पासून परदेशी पॅकेजवर 5 टक्के टीसीएस (पॅकेज विकतानाच घेतला जाणारा आयकर) कापतात, तो तुमच्या पॅनवर 26एएस या आयकराच्या उताऱ्यात दिसतो का बघा, रिटर्न भरताना मागता येतो.

पाचपाखाडी

थायलंड, डिसेंबर 2021. टेस्ट अँड गो म्हणून योजना होती, पोचल्यावर टेस्ट, पहिली रात्र ठरवून दिलेल्या हॉटेलात, रिपोर्ट आला की मोकळे. 22 डिसेंबरला त्यांनी नवीन अर्ज घेणं थांबवलं. ज्यांचा थायलंड पासचा क्यूआर आधी मंजूर झालेला त्यांना जाऊ दिलं, आमच्या चौघांत तिघांचे मंजूर आणि माझ्या बहिणीचा अडकलेला. इथे तेव्हा वातावरणही तंग होतं, राज्यातली ओमिक्रॉनची पहिली केस 4 डिसेंबरला डोंबिवलीत सापडलेली, आईला रोज नातेवाइकांचे फोन. बहिणीला सोडून जायचा प्रश्नच नव्हता, सगळ्यांचं रद्द केलं. हॉटेल फुकट रद्द होणारं घेतलं होतं म्हणून तेवढे वाचले. 1 फेब्रुवारीला योजना परत सुरू झाली पण तोवर रजा संपल्या. यंदा मे महिन्यात गेलो, टेस्टसुद्धा नाही.

खारघर

ज्यांना इन्शुरन्स काढला की सगळं भरून मिळतं असं वाटतंय त्यांच्यासाठी. आमच्या पॉलिसीत कोविड झाला तर परदेशातला हॉस्पिटल खर्च होता, पण सरकारने नियम बदलल्यामुळे ट्रिप रद्द झाली तर काही नाही, ते बारीक अक्षरात स्पष्ट लिहिलेलं. विकणाऱ्याला दोन वेळा विचारलं, दोन्ही वेळा हो म्हणाला, म्हणून मेलवर लिहून मागितलं तर उत्तर आलं की कव्हर होत नाही. मेल मागा. जपानचा विचार असेल तर 10 जूनपासून फक्त ठरावीक देशांतून येणाऱ्या, गाइड असलेल्या ग्रुप टूरला प्रवेश आहे, एकट्याने फिरायला नाही.

वाशी

वसंत विहारच्या ताई, तुमच्यासाठीच लिहिते, कारण आम्ही जूनमध्ये सिंगापूर करून आलो. एप्रिल 2022 च्या शेवटापासून लस पूर्ण झालेल्यांना जायच्या आधीची टेस्ट नाही, पोचायच्या आधी तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, बस. येताना एअर सुविधा हा आपल्या सरकारचा ऑनलाइन फॉर्म भरून आपलं लसीचं सर्टिफिकेट चढवायचं. सासूबाईंचा बूस्टर राहिला असेल तर 6 जुलैपासून अंतर नऊ महिन्यांवरून सहा महिन्यांवर आलंय, आवर्जून देऊन टाका, वय झालेल्या माणसाला तिकडे काही होऊ नये.

पण तुम्ही मुलगी आठवीत म्हणालात तिथे मी थबकले. आपल्याकडे 12 ते 14 वयाला 16 मार्चपासून कोर्बेवॅक्स देतात आणि ती अजून डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) मान्य लसींच्या यादीत नाही. सिंगापूर 12 आणि त्याखालच्यांना सूट देतं, त्यावरच्यांना यादीतली लस लागते, नाहीतर दोन डोस होऊनही लस न घेतलेल्यांत धरतात. आमची धाकटी दहाची म्हणून सुटली, जावेचा मुलगा तेराचा, त्याचं नाव आम्हाला काढावं लागलं आणि मग जाऊ-दीर दोघंही आले नाहीत. एजंटला हे माहीतच नव्हतं, तो म्हणत होता लस झाली ना, मग झालं. दिवाळीपर्यंत नियम बदलेलही, पण आज तिकिटं काढू नका. आधी तिच्या सर्टिफिकेटवर कुठल्या लसीचं नाव आहे ते बघा आणि सिंगापूर इमिग्रेशनच्या साइटवर तिचं वय आणि लस घालून तपासा, सासूबाईंच्या सीटचं वगैरे नंतर बघता येईल.