ऑक्टोबरात समुद्रात कमी दाब दिसला की सोयाबीन काढणी थांबवायची का? (हातकणंगले)

पंचगंगाकाठ:
शेंगा तपकिरी झाल्यात, मळणीयंत्र सांगून ठेवलंय. ग्रुपवर रोज कुणीतरी ‘वादळ येतंय’ टाकतं, कधी अरबी समुद्राचं, कधी बंगालच्या उपसागराचं. विंडी या हवामान ॲपवर एक मॉडेल (संगणकाने काढलेला अंदाज) जिल्हाभर पाऊस दाखवतं, दुसरं पार कोरडं. सलग चार कोरडे दिवस मिळणार का, हे किती आधी आणि काय बघून ठरवायचं?

समदाबरेषा:
नाव मिळालेल्या वादळापेक्षा आंध्रात जमिनीवर आलेलं, बातम्यांतून बाजूला पडलेलं डिप्रेशन (चक्रीवादळाच्या खालच्या पायरीचं कमी दाबाचं क्षेत्र) आपल्याला जास्त नडतं. १३ ऑक्टोबर २०२० ला काकीनाड्याजवळ डीप डिप्रेशन (डिप्रेशनच्या एक पायरी वरचं) किनाऱ्याला लागलं, तेलंगणातून सोलापूरकडे सरकलं आणि पुढे अरबी समुद्रात उतरलं. पंढरपुरात पूर आला. ते चक्रीवादळच नव्हतं, म्हणून त्याला नावही नव्हतं. उलट २०१९ चं ‘क्यार’ सुपर सायक्लोन झालं तेव्हा किनाऱ्यापासून दूर, ओमानच्या बाजूला निघालं होतं. कोकणाला त्याने झोडपलं ते त्याआधी, किनाऱ्याजवळ असताना.

बघायचं असं. सात दिवस आधी हवामान विभागाच्या दिल्लीच्या चक्रीवादळ केंद्राचं रोजचं बुलेटिन. त्यात पुढच्या १६८ तासांत डिप्रेशन होण्याची शक्यता दिवसागणिक दिलेली असते. गुरुवारी दोन आठवड्यांचा अंदाजही येतो. पण कमी दाबाला पक्कं केंद्र येईपर्यंत एकाच मॉडेलच्या मार्गावर पैज लावू नका. केंद्र कुठे धरायचं यातच मॉडेलांचा शे-दोनशे किलोमीटरचा फरक असतो आणि पुढचा सगळा मार्ग त्यावरून फिरतो. तुम्हाला दिसणारं भांडण बहुतेक तेच आहे. युरोपियन मॉडेलचे ५१ वेगवेगळे अंदाज एकत्र बघा. मार्गाच्या रेषा एकवटल्या तर भरवसा ठेवा, पंख्यासारख्या पसरल्या तर दोन दिवस थांबा.

शेवटचे तीन दिवस पावसाचा रंगीत नकाशा सोडा. विंडीवर ७०० हेक्टोपास्कल, म्हणजे साधारण तीन किलोमीटर उंची लावा; तिथला वारा आणि आर्द्रता बघा. पूर्व-आग्नेयेचा वारा आणि ७०-८० टक्के आर्द्रता असेल तर दुपारनंतर गडगडाट धरून चाला. वारा उत्तर-ईशान्येचा आणि आर्द्रता चाळिशीच्या खाली गेली की उघडीप मिळते. हा ठोकताळा आहे, नियम नव्हे.

पन्हाळा_वारा:
हवामान विभागाच्या जिल्ह्याच्या पाऊस-अंदाजाची भाषाही नीट वाचा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जिल्ह्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. कमी पाऊस असा त्याचा अर्थ नाही. त्या एका ठिकाणी धो धो कोसळू शकतो. ‘बहुतांश ठिकाणी’ असेल तर विळ्याला हात लावू नका.

त्या दिवशीचं बघायला पणजीचा रडार चालतो, पण तो इथून दीडशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्या अंतरावर त्याचा सर्वात खालचा झोतसुद्धा साधारण दोन-अडीच किलोमीटर उंचीवरून जातो. गडगडाटी ढग दिसतात, बुटक्या ढगांची भुरभुर निसटते. रडार कोरडा म्हणून खळं कोरडं असं नाही. आणि जून-जुलैसारखं पश्चिमेला बघत बसू नका. या दिवसांत ढग बऱ्याचदा पूर्वेकडून, जत-मिरजेच्या अंगाने येतात. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी दामिनी ॲप ठेवा, शेतात माणसं असतात.

चित्रा_स्वाती:
चार दिवस मिळत नसतील तर सगळं रान एकदम कापू नका. उभ्या पिकाला एक सर सोसते. कापून जमिनीवर पसरलेलं भिजलं तर शेंगेतच कोंब फुटतात. दिवसभरात गंजी घालून होईल तेवढंच कापा. गंजीखाली फळ्या किंवा पाचट घाला, ताडपत्री वरून टाका, पण ऊन पडलं की काढा. आत वाफ कोंडली तर बुरशी धरते. पोत्यात भरताना दाण्यात ओल १२ टक्क्यांच्या वर नको.

पंचगंगाकाठ:
आत्ता बघितलं. ७०० ला वारा आग्नेयेचाच आहे, आर्द्रता ७५. शुक्रवारपासून वारा ईशान्येचा दाखवतोय.

समदाबरेषा:
मग मळणीवाल्याला शनिवार सांगा, आणि गुरुवारी संध्याकाळी पुन्हा एकदा बघूनच पक्कं करा.