चयापचय, अपचय आणि अपचन

प्रश्न

दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञानाची मराठी टिपणे तयार करताना ‘चयापचय’ या शब्दापाशी अडलो आहे. आरोग्यविषयक लेखनात हा शब्द बरेचदा ‘पचन’ याच अर्थाने योजलेला दिसतो. जेवणानंतर बडीशेप किंवा ताक घेतल्याने चयापचय सुधारतो, अशा धाटणीची वाक्ये सर्रास वाचायला मिळतात. शिवाय ‘अपचय’ म्हणजे अपचन, अशी काही विद्यार्थ्यांची समजूत आहे. या शब्दाची फोड कशी करावी आणि पचनाशी त्याचे नाते काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर

फोड ‘चय + अपचय’ अशी आहे. ‘चय’ हा ‘चि’ धातूपासून आलेला शब्द असून त्या धातूचा अर्थ गोळा करणे, रचणे असा आहे. संचय, समुच्चय हे शब्द त्याच कुळातले. त्याला ‘अप’ हा उपसर्ग लागून झालेला अपचय म्हणजे रचलेल्याची घट, झीज. ‘अपचन’ मात्र ‘पच्’ म्हणजे शिजवणे या धातूवरून आलेल्या ‘पचन’ला नकारार्थी ‘अ’ लागून झाला आहे. दोन्ही शब्दांत ‘अपच’ ही अक्षरे ओळीने येतात, एवढ्यावरच त्यांचे साम्य संपते.

जीवरसायनशास्त्रात चय म्हणजे लहान रेणूंपासून मोठे रेणू घडवणे आणि अपचय म्हणजे रेणूंचे विघटन करून ऊर्जा मोकळी करणे. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान याने १८३९ साली पेशींतील रासायनिक बदलांसाठी जे विशेषण घडवले, ते ‘बदल’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतले होते, आणि पुढे युरोपीय भाषांत रूढ झालेल्या ‘मेटाबॉलिझम’ या नामातही तेवढाच अर्थ आहे. मराठी शब्दात घडण आणि मोडण या दोन्ही बाजू नावातच दिसतात, म्हणून शिकवण्याच्या दृष्टीने मला तो अधिक उपयोगी वाटतो. त्याचा ‘पचन’ करून टाकला की नेमके हेच हातचे जाते.

ज्वारीच्या भाकरीचा एक घास घेऊन पाहू. त्यातील पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या शेकडो, हजारो रेणूंची साखळी. लाळेतील अमायलेज हे विकर (एन्झाइम) ती साखळी तोडू लागते, म्हणूनच घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो. पुढे स्वादुपिंडाचा रस आणि लहान आतड्याच्या अस्तरावरील विकरे मिळून त्याचे सुटे ग्लुकोज करतात. इथपर्यंतचे सारे काम पेशींच्या बाहेर, पचनमार्गाच्या पोकळीत आणि तिच्या अस्तरावर चालते, आणि त्यालाच पचन म्हणावे. ‘पचनातून ऊर्जा मिळते’ हे विधान ढोबळपणे चालत असले तरी शास्त्रदृष्ट्या बरोबर नाही, कारण पाण्याच्या साहाय्याने बंध तुटताना जी थोडी ऊर्जा सुटते ती पेशीला एटीपीच्या, म्हणजे पेशीतील ऊर्जावाहक रेणूच्या, रूपात साठवता येत नाही.

ते ग्लुकोज आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून यकृतात पोहोचते आणि पेशीत शिरते, तेव्हा चयापचयाची हद्द सुरू होते. गरज असेल तर पेशीद्रवात दहा पायऱ्यांनी सहा कार्बनच्या त्या रेणूचे तीन कार्बनचे दोन पायरुवेट रेणू होतात आणि निव्वळ दोन एटीपी हाती लागतात. पायरुवेट पुढे तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) जाऊन, हान्स क्रेब्स यांनी १९३७ मध्ये उलगडलेल्या चक्रातून आणि त्यानंतरच्या टप्प्यांतून त्याचे पूर्ण ऑक्सिडीकरण झाले, तर एका ग्लुकोजमागे एकूण सुमारे ३० ते ३२ एटीपी मिळतात. हा अपचय. गरज नसेल तेव्हा तेच ग्लुकोज एकमेकांना जोडून ग्लायकोजेन बनते आणि यकृतात व स्नायूंत साठते. हा चय, आणि तो फुकट होत नाही. प्रथिनाच्या साखळीत अमिनो आम्लाचा एक दुवा जोडायलाच चार एटीपींइतकी ऊर्जा लागते. अपचयातून मिळवायचे आणि चयात खर्चायचे, असा हा व्यवहार पेशीत अहोरात्र चालू असतो. उपाशी माणसाच्या पोटात पचवायला काहीच नसते, पण चयापचय थांबत नाही. दोन शब्दांतील फरक विद्यार्थ्यांना पटवून द्यायला हे एक उदाहरण पुरेसे आहे.

बोलीतली मराठी हा भेद केव्हापासूनच पाळत आली आहे. ‘मूल खाते, त्याला पचतेही, पण अंगी लागत नाही’ असे आपल्याकडच्या आज्या म्हणतात, तेव्हा पचणे आणि अंगी लागणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत हे त्यांनी गृहीतच धरलेले असते. टिपणांत ‘चय’ शिकवताना हा वाक्प्रचार अवश्य घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन.

पुरवणी प्रश्न

माझे शालेय शिक्षण इंदुरात हिंदी माध्यमातून झाले. तिथे ‘उपापचय’ हा शब्द होता आणि ‘अपचयन’ हा शब्द रसायनशास्त्राच्या धड्यात वेगळ्याच अर्थाने येत असे. तोच हा ‘अपचय’ का?

उत्तर

मूळ एकच, पण पारिभाषिक अर्थ निराळे, आणि इथे विशेष सावध राहायला हवे. हिंदीत ‘उपचयन’ म्हणजे ऑक्सिडीकरण आणि ‘अपचयन’ म्हणजे आपण मराठीत ज्याला क्षपण म्हणतो ती, ऑक्सिडीकरणाच्या उलट अभिक्रिया. मात्र पेशीतील अपचय हा बहुतांशी ऑक्सिडीकरणाचा मार्ग आहे, तर चयात अनेकदा क्षपण घडते: प्रकाशसंश्लेषणात कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा घडते, तेव्हा कार्बनचे क्षपण होते. म्हणजे ही घडण हिंदीत ‘उपचय’ (आपला चय) ठरते आणि तिच्यातील कार्बनची अभिक्रिया ‘अपचयन’. हिंदी पुस्तकावरून मराठी टिपणे करताना ‘अपचयन’ शब्द तसाच उचलला, तर अर्थ नेमका उलटतो. मराठीने ‘क्षपण’ हा स्वतंत्र शब्द योजला, हे फार बरे झाले.

आता लिंगाविषयी. चय आणि अपचय दोन्ही पुल्लिंगी असल्यामुळे ‘चयापचय मंदावला’ असेच लिहावे. ‘चयापचय क्रिया मंदावली’ हेही शुद्ध आहे, कारण तिथे क्रियापद ‘क्रिया’ या शब्दाप्रमाणे चालते. मात्र चय आणि अपचय मिळून शेकडो अभिक्रिया होत असल्याने ‘चयापचयाच्या क्रिया’ असे अनेकवचन मला अधिक नेमके वाटते. ‘चयापचन’ हे रूप कुठेही आढळल्यास निःसंकोच दुरुस्त करावे.