डोक्याला ताप देणाऱ्या पार्ट्या : रिटर्न भरून देणाऱ्यांनी इथे लिहा

धागाकर्ती, ठाणे

२०२५ सालची गोष्ट. आयकर रिटर्नची ३१ जुलैची तारीख वाढून १५ सप्टेंबर झाली होती, म्हणजे दीड महिना आयताच मिळाला होता. माझ्या एका पार्टीला, म्हणजे अशिलाला, मी ऑगस्टपासून फोन करत होते. आधी "गणपती होऊन जाऊ देत." मग ८ सप्टेंबरला, "मॅडम, पितृपक्ष लागला. आता सर्वपित्रीनंतरच बघू." सर्वपित्री होती २१ तारखेला! म्हटलं, काका, तारीख चुकली तर पाच हजार लेट फी पडेल. तर म्हणे, "वाढवतात हो ते."

१५ तारखेला संध्याकाळी काका जागे झाले. पोर्टलने मान टाकलेली, आणि ह्यांच्या तीन बँकांची स्टेटमेंटं माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर आडव्यातिडव्या फोटोंत येऊन पडतायत. एका फोटोत पासबुकाच्या कडेला पोह्यांची बशी. मध्यरात्रीच्या सुमारास तारीख एक दिवसाने वाढल्याचं जाहीर झालं आणि दोन मिनिटांत काकांचा मेसेज, "बघा, म्हटलं नव्हतं?"

रिटर्न १६ला गेलं. फी अजून यायची आहे.

तर लिहा. कलमांची अडचण नको, ती पुस्तकात सापडते, माणसांची लिहा. आणि शेवटी एवढं सांगा की ती पार्टी ठेवलीत की सोडलीत. कोणी ओळखू येईल असं काही नको. सीए, करसल्लागार, जीएसटीवाले, आर्टिकल (सीएकडे शिकाऊ काम करणारी मुलं), ऑफिसात बसून दिवसभर चलनं काढणारे, सगळेच या.

सांगलीकडचा करसल्लागार

आम्ही सीए नव्हे. बीकॉम, जीडीसी अँड ए, आणि बावीस वर्षं हेच काम. आमच्याकडं एकच वाक्य रोज ऐकायला मिळतं : "शेतीचं दाखवा की."

हार्डवेअरचं दुकान असलेली एक पार्टी. खात्यावर वर्षात १४ लाख रोख भरलेले. विचारलं, हे कुठनं आले? "शेतीचं." जमीन किती? "दीड एकर." दीड एकरात १४ लाख म्हणजे काय केशर लावलं का, म्हटलं. बरं, ऊस असता तर कारखान्याचं बिल बँकेत आलं असतं. तेही नाही. मग म्हणाले, द्राक्षं दाखवा. मी सातबारा मागवला. पीकपाहणीत सोयाबीन!

त्यांना समजावलं. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण ते शेतीचं आहे हे तुम्हाला दाखवावं लागतं. पट्टी लागते, अडत्याची पावती लागते, खताची-औषधाची बिलं लागतात. नुसत्या जमिनीवर उत्पन्न उगवत नाही. त्यांना ते पटलं नाही. "तुम्हाला जमत नसलं तर तसं सांगा," म्हणाले आणि फाईल घेऊन गेले. दुसऱ्या कोणीतरी भरलं असणार, शेतीचं १४ लाख.

दोन वर्षांनी तीच फाईल, तीच पिशवी, आणि आत १४३(२)ची, म्हणजे रिटर्नच्या छाननीची नोटीस. खुर्चीत बसल्यावर पाच मिनिटं हवापाण्याच्या गप्पा. मी काही बोललो नाही. खरी विक्री किती, उसनवारी किती, बायकोचं सोनं मोडलेलं किती, हे सगळं काढायला तीन आठवडे गेले. कर, व्याज, दंड मिळून जे झालं ते त्यांनी भरलं. ठेवली पार्टी. फी दुप्पट सांगितली, गप दिली.

पुणे, आयटीवाल्यांची रिटर्न्स

माझा एकच संवाद देतो.

"आईला महिना २५ हजार भाडं देतो, ते लावा."
"बँकेतून देता?"
"रोख."
"वर्षाचे तीन लाख. एक लाखाच्या वर भाडं असलं की मालकाचा पॅन द्यावा लागतो, आणि आईंना त्यांच्या रिटर्नमध्ये ते दाखवावं लागेल."
"चालेल."
"घर आईंच्या नावावर आहे ना?"
"नाही, माझ्याच."

ह्यांचं स्वतःच्याच घराचं होमलोनचं व्याजही लावायचं होतं. सोडली.

आर्टिकल, दुसरं वर्ष

सर फी सांगतात, पण फीचे फोन मला करायला लावतात. "एक बटण दाबायचं असतं तुम्हाला, त्याचे दोन हजार?" हे मी ह्या सीझनला किती वेळा ऐकलं मोजलेलं नाही. ते बटण दाबलं की ओटीपी जातो काकूंच्या मोबाईलवर, आणि काकू दुपारी झोपलेल्या असतात. मग ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करायचं राहून जातं आणि ओरडा मला.

नांदेड

निवृत्त गुरुजी. सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचे हप्ते एकाच वर्षात जमा झाले, म्हणून कर वाढला. ह्यावर कलम ८९ची सवलत असते, थकबाकी ज्या त्या वर्षात वाटून हिशेब करायचा. पण त्यासाठी रिटर्नच्या आधी फॉर्म १०ई ऑनलाइन भरावा लागतो. गुरुजींच्या मित्राच्या मुलाने रिटर्नमध्ये सवलत टाकली आणि १०ई भरलाच नाही. सवलत नाकारून मागणीची सूचना आली. गुरुजी ती प्रिंट काढून घेऊन आले, कोणी वारल्याचं पत्र आणावं तसा चेहरा.

ह्यात अवघड काय ते ऐका. मी वर्षनिहाय तक्ता करून दिला. गुरुजी तो घरी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी निळ्या पेनने तपासून आणला. एका वर्षाच्या उपकरात माझी चूक काढली होती. १२ रुपये. समासात "पुन्हा पाहा" असा शेरा आणि सही! गणिताचे शिक्षक होते, चूक माझीच होती. असे तीन तक्ते झाले. त्यांच्यामागून त्यांच्या शाळेतले आणखी अकरा जण आले, आणि माझ्याकडून गेलेला प्रत्येक तक्ता आधी गुरुजींकडे तपासायला जातो असं कळलं. ठेवली. सोडायची सोय आहे का?

धागाकर्ती, ठाणे

गुरुजींना माझ्याकडे पाठवा, आर्टिकल म्हणून घेते.

इचलकरंजी, जीएसटी

सुताचा व्यापारी. ९ लाखांचं बिल, ५ टक्क्यांनी ४५ हजार इनपुट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट. पुरवठादाराने त्याचं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) भरलंच नाही, त्यामुळे आमच्या टूबीत (पोर्टलवरच्या खरेदी-बिलांच्या यादीत) ते बिल दिसेना. म्हणजे ४५ हजार आता खिशातून भरायचे. पार्टी माझ्यावरच तापली. "मी त्याला टॅक्ससकट पैसे दिलेत. सरकारने त्याला धरावं. आणि तुम्ही काय बघत होता?" त्यांचा पहिला मुद्दा खरा आहे. कायदाच असा आहे की विकणाऱ्याने नाही भरलं तर भोगतो घेणारा. पण हे २० तारखेला दुपारी, थ्रीबीच्या (महिन्याच्या जीएसटी रिटर्नच्या) शेवटच्या दिवशी, सर्व्हर गोल फिरत असताना मला सांगून काय उपयोग?

आता मी सगळ्या पार्ट्यांना सांगून ठेवलंय : टूबीत बिल दिसल्याशिवाय जीएसटीची रक्कम सोडायची नाही, फक्त मालाचे पैसे द्या. अर्ध्या जणांना जमतं. बाकीच्यांचे पुरवठादार त्यांचे मेव्हणे असतात.

फोंडा, गोवा

तुम्हा कोणाला न येणारी डोकेदुखी माझ्याकडे आहे. आमच्याकडे पोर्तुगीज नागरी कायदा चालतो. लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक. म्हणून आयकरात कलम ५ए : पगार सोडून नवऱ्याचं-बायकोचं बाकीचं सगळं उत्पन्न अर्धं अर्धं वाटून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. साधा आयटीआर-१ चालत नाही, वेगळं शेड्यूल भरावं लागतं, एकाच्या नावावर कापलेला टीडीएसही अर्धा दुसऱ्याकडे न्यावा लागतो.

नवऱ्याचं दुकान, बायको बँकेत. मी दोघांना समोर बसवून समजावलं. दुकानाचा अर्धा नफा बाईंच्या रिटर्नमध्ये येणार, बाईंचा पगार मात्र बाईंचाच राहणार. बाईंनी आकडा नीट वाचला. नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "एवढा नफा? आणि ह्यातला अर्धा माझा? मग तो आहे कुठे?"

मी उठून चहा सांगायला बाहेर गेलो. परत आलो तेव्हा दोघं गप्प होते. गेली सहा वर्षं नवरा जूनमध्ये एकटा येतो आणि हळूच विचारतो, ह्या वर्षी दोन्ही रिटर्न्स वेगवेगळ्या पाकिटांत देता येतील का. बाईंची सही लागते, सायबा. ठेवली आहे.

न्यू जर्सी

इथे सीझन १५ एप्रिलपर्यंत. माझ्याकडे निम्मे लोक आपलेच, महाराष्ट्र मंडळात ओळख झालेले, त्यामुळे फी सांगताना जीभ जड होते. ताप एकच : भारतातलं सांगत नाहीत. लपवायचं असतं असंही नाही, त्यांच्या लेखी ते उत्पन्नच नसतं.

"भारतात काही खाती?" "नाही." तीन वेळा विचारल्यावर, "पीपीएफ आहे, पण ते टॅक्स-फ्री आहे ना." तिथे आहे, इथे त्याच्या व्याजावर कर लागतो. मग एक दिवस सहज निघतं की बाबांच्या एफडीवर दुसरं नाव ह्यांचं आहे. "पैसे बाबांचेच आहेत हो, मी नुसता आयदर ऑर सर्वायव्हर." परदेशातली सगळी खाती मिळून वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली की एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा इथला फॉर्म, भरायचा, आणि त्यात जोडखातंही येतं. एकाने विचारलं, "मग बाबांना सांगू का नाव काढायला?" मी म्हटलं, ते तुमच्या घरात बघा. बाबांना काय वाटेल ह्याचा फॉर्म माझ्याकडे नाही.

आता मी "खाती आहेत का" असं विचारतच नाही. "गावी बँकेत गेलात तर कुठे कुठे सही करावी लागते?" असं विचारतो. भराभर आठवतं.

नाशिक

हा अनुभव लिहू की नको असं झालं होतं.

पंचविशीचा मुलगा, वडील जुनी पार्टी. मुलगा एकटाच आला. एफ अँड ओमध्ये (शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये) दोन वर्षांत साडेसहा लाख घालवले होते. "तोटाच आहे, मग रिटर्न कशाला?" हा नेहमीचा प्रश्न. सांगितलं, वेळेत भरलंस तर तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो, आणि तू भर न भर, तुझे व्यवहार पोर्टलवर दिसतायतच. मग त्याने मुद्द्याला हात घातला. पॅनला मोबाईल वडिलांचा जोडलेला. ओटीपी त्यांच्याकडे जाणार. "काका, बाबांना सांगू नका."

मी त्याला सेबीची आकडेवारी दाखवली. २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या वैयक्तिक लोकांतले ९३ टक्के तोट्यात. त्याला त्याचा उपयोग नव्हता, मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून बोललो.

वडिलांना मी सांगितलं नाही. मोबाईल नंबर मात्र त्याच्या नावावर परस्पर बदलूनही दिला नाही. म्हटलं, ओटीपी बाबांकडून माग, काय म्हणून मागायचा ते तू ठरव. तीन आठवडे आला नाही. मुदतीच्या चार दिवस आधी बापलेक दोघं आले. वडील माझ्याकडे बघत नव्हते. रिटर्न भरलं, तोटा पुढे ओढला. जाताना वडिलांनी दोन रिटर्न्सची फी टेबलावर मोजून ठेवली. पुढच्या वर्षी दोघंही दुसरीकडे गेले. मी सोडली म्हणावं की त्यांनी सोडली, मला अजून ठरवता आलेलं नाही.

ठाणे, दुसरी एक सीए

नाशिककर, मी असते तर मीही हेच केलं असतं. किंवा नसतं केलं. माहीत नाही.

माझं हलकं आहे. "१२ लाखांपर्यंत टॅक्स शून्य" हे वाक्य ज्याने त्याने पाठ केलंय. पार्टीचा पगार ९ लाख, वर शेअर्समधला अल्प मुदतीचा नफा २ लाख. बेरीज ११, म्हणजे शून्य, असा त्यांचा हिशेब. पगारावर शून्य बरोबर आहे. पण त्या नफ्यावर २० टक्के वेगळा दर आहे आणि त्याला रिबेट (करातली सूट) नाही. उपकरासकट ४१,६०० झाले. "टीव्हीवर तर नव्हतं सांगितलं." मग टीव्हीवाल्यांकडून भरून घ्या, म्हटलं. मनात.

एक करदाता

तुमच्या धाग्यावर घुसतोय, पण पार्टीचंही ऐका. मला कोणीतरी "रिफंडवाला" गाठून दिला होता. रिफंडच्या १० टक्के त्याचे. त्याने राजकीय पक्षाला देणगी, नसलेला विमा, काय काय लावलं ते मला नंतर कळलं. रिफंड आला तेव्हा मीही विचारलं नाही कसा आला, हे कबूल. २०२५च्या जुलैत आयकर खात्याने अशा लोकांवर दीडशे ठिकाणी कारवाई केल्याची बातमी वाचली आणि पोटात गोळा आला. पोर्टलवर बघावं म्हटलं तर ई-मेल त्याचा, मोबाईल त्याचा. नोटिसा आल्या असतील तर त्याच्याच पत्त्यावर. तो फोन उचलत नाही. आता काय करू?

सांगलीकडचा करसल्लागार

मोबाईल आधारला जोडलेला असेल तर "पासवर्ड विसरलो"मधनं आधार ओटीपी टाकून नवा पासवर्ड करा. आत गेल्या गेल्या प्रोफाइलमधला ई-मेल आणि मोबाईल बदला. मग पेंडिंग अ‍ॅक्शन आणि ई-प्रोसीडिंग उघडून बघा. नोटीस नसली तर अपडेटेड रिटर्न भरून खोटं काढून टाका, जादा कर लागेल, तो भरायचा. नोटीस आली असेल तर आधी चांगला माणूस गाठा.

आणि फी आधी ठरवा, नंतर घासाघीस चालणार नाही.